योहानकाकांची लिंबोणी

तिसगावात योहान भिंगारदिवे यांना सगळे 'टेम्पोवाले काका' म्हणूनच ओळखतात. टेम्पो विकून काही वर्षं झाली, तरी घराबाहेर पडताना ते शर्टाचा खिसा चाचपतात, किल्ली आहे का म्हणून. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा कांदा आणि कापूस वाहिला. स्वतःचं रान कधीच नव्हतं. एरवी त्याचं त्यांना काही वाटत नसे. चर्चमधल्या हंगामाच्या सणाला मात्र वाटे. त्या दिवशी जो तो आपल्या रानातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतो आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. काका बाजारातून भोपळा आणून ठेवत आणि गुपचूप मागच्या बाकावर बसत.

म्हणून परसातल्या लिंबोणीला पहिल्यांदा लिंबं धरली, तेव्हा त्यांनी पत्नीला, स्टेलाकाकूंना, बजावलं, "यातलं एकबी तोडायचं न्हाई. सणाला जायचीत."

श्रावणात कोवळी पानं कडेने कुरतडलेली दिसू लागली. उरलेल्या पानांवर पाखरांच्या शिटेसारखे काळे-पांढरे ठिपके. काकांनी निकाल देऊन टाकला: बुलबुल पानं खातात आणि वर घाणही करतात. टेम्पोतल्या गाण्यांच्या जुन्या सीडी त्यांनी दोऱ्यांनी फांद्यांना टांगल्या. त्या उन्हात अशा चमकल्या की पाखरं फिरकेनाशी झाली. पानं मात्र आधीपेक्षा झपाट्याने संपू लागली. शेंड्यांच्या नुसत्या काड्या उरल्या. असंच चाललं तर लिंबंही गळतील, असं रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितल्यापासून काकांचं जेवणात लक्ष नव्हतं.

"तुमची गाणी ऐकून पानंबी पळाली वाटतं," काकू म्हणाल्या.

एका सकाळी त्या ओल्या फडक्याने पानं पुसायला गेल्या. फडकं लागताच एका ठिपक्याने मान उचलली, डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला.

"अवो, इकडं या. ही शिट चालतीय."

काका चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिले. "अळी हाय ही."

"आन् इतके दिस शिव्या कुनाला दिल्या?"

"बुलबुलांनीबी सांगायचं हुतं की."

सीडी त्याच दिवशी उतरल्या. पाखरं अळ्या टिपायलाच येत होती आणि आपणच त्यांना हाकललं, हे काकांना कळून चुकलं. मग ते रोज सकाळी स्टूल घेऊन झाडाखाली बसू लागले. लहान अळ्या ओळखता येऊ लागल्या, पण मोठ्या हिरव्यागार होतात, पानात पान होऊन बसतात. त्या शोधायची युक्तीही काकांना सापडली. खालच्या पानावर अळीच्या लेंड्यांचे काळे दाणे पडलेले दिसले की बरोबर वर बघायचं. पानावर एकटंदुकटं पिवळसर अंडं दिसलं, तर ते नखाने खरवडायचं. साबणाच्या पाण्याची बादली काकूंकडे असे, कारण अळी बुडवायची वेळ आली की काका तोंड फिरवत.

"रातीबेराती टेम्पो हाकणारा मानूस," काकू म्हणत, "आन् अळीला भितो."

"भीत न्हाई. ती बघती माझ्याकडं."

आश्विनात नवी पालवी आली. थोडी लिंबं गळाली, बाकीची टिकली. सणाला ती स्टीलच्या ताटात वेदीपुढे गेली. पाळकांनी नाव पुकारलं, "योहान भिंगारदिवे, घरच्या झाडाची लिंबं," तेव्हा काका मधल्या बाकावर ताठ बसले होते.

लिलावात काकासाहेब नावाच्या एका बागायतदारांनी उभं राहून पहिली बोली लावली. तोच मधल्या बाकावरून दुसरी आली. बोली लावणारे योहानकाकाच होते. चर्चभर हशा पिकला.

काकूंनी त्यांची बाही ओढली. "आपलीच लिंबं आपुनच घ्यायची व्हय?"

"देवाला दिली. आता माझी कुठं हायेत? आन् मला चव तरी कळू दे."

काकासाहेब हसत खाली बसले. दुपारी काकूंनी सरबत केलं. काकांनी पहिला घोट बराच वेळ तोंडात धरला आणि मग म्हणाले, "साखर कमी हाय." तरी दुसरा पेला त्यांनीच मागितला.