डाव्या हाताचा भाता

“पियानोवर गाणं वाजवता उजव्या हातानं, मग दुखतो डावा हात, असं कसं?” हिंगोलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी मला डावा अंगठा मुठीत धरायला लावला आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “डी क्वेर्वेन,” ते म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला लागले.

डी क्वेर्वेन्स टेनोसायनोव्हायटिस हे पूर्ण नाव. नावाला घाबरू नका. अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात. ती नळी सुजते आणि दोऱ्या आत घासायला लागतात, एवढंच. लेकरू सारखं उचलणाऱ्या आयांनाही हे दुखणं होतं म्हणे. “पट्टा बांधा, अंगठा हलू देऊ नका, वाजवणं बंद,” डॉक्टर म्हणाले. कधीपर्यंत, विचारलं तर म्हणाले, “ते हातच सांगेल.”

खोटं कशाला बोलू, वाजवणं बंद म्हटल्यावर मला मनगट नाही आठवलं, प्रज्ञा आठवली. प्रज्ञा म्हणजे माझी धाकटी जाऊ. आता पियानोवर ती बसणार आणि एकदा बसली की उठणार नाही, हेच डोक्यात आलं.

आमचं डोंगरकड्याला बायकांचं गायन मंडळ आहे. विहारात आम्ही बुद्धगीतं, भीमगीतं म्हणतो. माझे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून मी शिकले. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मंडळाची पेटी माझ्याकडे. मग गावच्याच एका निवृत्त साहेबांनी विहाराला इलेक्ट्रिक पियानो दिला. नेहमीचा कॅसिओ नव्हे. याच्या पट्ट्या जड, आणि बोट जसं पडेल तसा आवाज लहानमोठा होतो. त्यावर मीच बसायचं हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं.

आमच्या सुमनबाई मुख्य गाणाऱ्या. त्या पुढं उभ्या राहतात, पियानो त्यांच्या पाठीमागं असतो. दर गाण्याला त्या मागं वळून म्हणायच्या, “ताई, ऐकू येऊन न्हाई राहिलं.” बटण फिरवून आवाज वाढवला की माइक शिट्टी मारायचा. म्हणून जोर हातानंच लावायचा. मी लावायची. दातओठ खाऊन लावायची.

आधी सकाळी कुलूप उघडताना कळ यायची. मग एकदा भरलेला तांब्या हातातून सुटला. तरी मी मलम चोळत बसले, कारण दवाखान्यात गेले की जागा गेली. तुमच्यापैकी कुणाचं असं होत असेल तर मलमावर बसू नका. मी बसले आणि दुखणं कोपरापर्यंत आलं.

पट्टा बांधून घरी आले आणि त्याच आठवड्यात प्रज्ञा सरावाला पियानोवर बसली. ती वाशिमची. पेटीला तिनं कधी हात लावलेला नाही, भावाच्या कॅसिओवर शिकलेली. वडील नाहीत गाण्यातले, गुरू नाही, काही नाही. तिनं दोन्ही हात नुसते पट्ट्यांवर सोडले आणि सगळा विहार भरून गेला. सुमनबाई वळल्याच नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाल्या, “आता बराबर येऊन राहिला आवाज.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मागं सतरंजीवर बसून टाळ्यांचा ठेका धरणार होते, पण एका हातानं टाळी कुठून वाजणार.

पुढचे दिवस वारंगा फाट्यावरून हिंगोलीच्या चकरांत गेले. एक्स-रे काढला, हाडं चांगली निघाली. सूज जाईना म्हणून मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्यानं साखर वाढू शकते, म्हणून आधी साखर तपासली. बाकावर बसून नंबराची वाट बघताना पाय मोडलेल्या बाईचासुद्धा मला हेवा वाटायचा. तिचं प्लास्टर बघून लोक सरकून जागा द्यायचे. माझा पट्टा बघून एकीनं विचारलं, “मोच आली का?”

सरावाला मात्र मी एकदाही चुकले नाही. घरचे म्हणायचे, किती जीव आहे मंडळावर. जीव कसला, मी प्रज्ञाची चूक शोधायला जायची. तिचा खांदा कसा पडलेला असतो, कोपर कसं झुलतं, सूर वाजला की बोट तिथल्या तिथं कसं ढिलं पडतं, दोन कडव्यांच्या मध्ये हात कसे मांडीवर येऊन पडतात, सगळं मला पाठ झालं. चूक सापडली नाही. त्याचाही राग आला.

इंजेक्शननं दुखणं उतरलं आणि डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. म्हणजे हाताचे व्यायाम आणि हात वापरायची नीट सवय. तिथली मॅडम वयानं माझ्या लेकीएवढी. म्हणाली, “टेबलावर वाजवून दाखवा. आता मोठ्यानं. अजून मोठ्यानं.” मग माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली. “हा हात काय ढकलून राहिला?”

मी खाली बघितलं. डाव्या हाताची बोटं टेबलावर होती खरी, पण अंगठा ताठ होऊन टेबलाची कड दाबत होता, आणि उजवा हात जोरात गेला की डावं मनगट बाजूला झटका मारत होतं. माझा डावा हात भाता मारत होता. पेटीला आवाज बोटांनी येत नाही, भात्यानं येतो. जन्मभर मोठा आवाज म्हणजे डाव्या हाताचा जोर, हेच माझ्या अंगात मुरलं होतं. पियानोला भाता नाही हे मला माहीत होतं, माझ्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम म्हणाली, “पट्टी खाली गेली की आवाज निघाला. त्यानंतर दाबलं तर फक्त हात दुखणार. जोर लावू नका, खांद्यापासून हाताचं वजन पडू द्या आणि लगेच सोडा. सैल हातानं वाजवणारं कुणी असेल तर त्याच्याकडे बघा.”

बघायचं काही राहिलंच नव्हतं. जळक्या डोळ्यांनी का होईना, मी ते सगळं पाठ करून ठेवलं होतं. पण पाठ झालेलं हातात उतरेना. डाव्या हातावर कुणाचा तरी हात हवा होता, आणि तसा हात अख्ख्या गावात एकच होता. मी आठवडाभर तोंड शिवून बसले. मग दुपारी विहारात प्रज्ञा एकटी दिसली तेव्हा म्हटलं, “माझं मनगट धर जरा. आवळलं की सांग.”

तिनं खालून तळहात लावला. थोडं वाजवलं की म्हणायची, “ताई, आवळलं.” पुन्हा, “आवळलं.” फार वेळा म्हणाली, आणि दर वेळी मला तिचा हात झटकून टाकावासा वाटला. खूप दिवसांनी एकदा अख्खं कडवं तिच्या ‘आवळलं’शिवाय गेलं. मग म्हणाली, “आता तुमचा हात जड लागून राहिला. पडू द्या असाच.”

बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाला डॉक्टरांनी मला एक-दोन गाण्यांची मुभा दिली. पियानोवर प्रज्ञाच होती, मी बाजूला. दुसरं गाणं संपलं आणि तिचं लेकरू रडायला लागलं. तिनं माझ्याकडे बघितलं, उठली, लेकराला घेऊन बाहेर गेली. मी तिच्या जागेवर सरकले. सुमनबाईंची पाठ आमच्याकडे, त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी सूर धरला. मी खांदे सोडले, हात पडू दिले. डावा अंगठा एकदा ताठला, मी त्याला मनातल्या मनात दटावलं.

पहिल्या कडव्यानंतर सुमनबाई मागं न वळताच, माइक बाजूला करून म्हणाल्या, “प्रज्ञा, आवाज जरा हळू, बाई.”

मनगटात कळ नव्हती. छातीत मात्र आली, आणि हसूही आलं. डॉक्टरांचे आणि फिजिओच्या मॅडमचे उपकार मी तोंडानं मानले आहेत. तिसरीचे अजून मानलेले नाहीत. लेकराला खांद्यावर घेऊन ती पियानोजवळच्या दारात उभी होती, तिनं सुमनबाईंचं बोलणं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, हळू करू नका म्हणून. मी हळू केलं नाही.