धुऱ्यापलीकडचं वायफाय

माझं लग्न 'नेटवर्किंग' या एका शब्दापायी मोडता मोडता राहिलं. मध्यस्थाने मुलीच्या गावी, कोंढ्याला, जाऊन तिच्या वडिलांना सांगितलं, "पोरगा नागपूरले नेटवर्किंगमधे आहे," आणि त्यांनी तिथल्या तिथे नकार दिला. त्यांच्या एका दूरच्या नातेवाइकाने हाच शब्द सांगत सगळ्या गोतावळ्याला साबण, टूथपेस्ट आणि गुडघ्याचं तेल विकलं होतं. लग्नात विकलं, नामकरणात विकलं आणि कोणी वारल्यानंतरच्या एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही पिशवी उघडली. तसला जावई त्यांना नको होता.

मध्यस्थाने कसंबसं मन वळवलं म्हणून आम्ही मुलगी बघायला गेलो. चहाचे कप हातात येण्याआधीच मुलीच्या वडिलांनी विचारलं, "साबण किती परकारचे हायेत तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "माझ्याकडे साबण नाहीत. मी ऑफिसांमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देतो."

"कायनं?"

"तारेनं. कधी बिनतारी."

"जोडून का होते?"

"एकाजवळची माहिती दुसऱ्याकडे जाते."

"अन् दुसऱ्याले काही इकत घ्या लागत नाही?"

"नाही."

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि मला पोहे पुढे केले. तेच माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो.

लग्नानंतर वर्षभरात कोंढ्याला फायबरची तार आली आणि मामाजींनी लगेच जोडणी घेतली. जावई त्याच धंद्यातला, मग मागे कशाला राहायचं. पण काही दिवसांतच त्यांचा फोन आला. "जवाईबापू, नेट तं आलं, पण घरात फिरून नाही राहिलं."

शनिवारी मी आणि बायको गेलो. घरात राउटर कुठे दिसेना. बाहेरून आलेली तार खिडकीतून आत शिरत होती, भिंतीच्या कडेने सरपटत जात होती आणि लोखंडी कपाटामागे नाहीशी होत होती. मी कपाट थोडं पुढे ओढलं. मागच्या पत्र्याला ड्रिलने छान गोल भोक पाडलेलं होतं. मामाजींनी कनवटीची किल्ली काढून कपाट उघडलं. सासूबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्यांच्या दोन थरांमध्ये राउटर मन लावून लुकलुकत होता.

"उंदरांपायी ठेवला," मामाजी म्हणाले. "धान घरात आलं का उंदीर येतेत. मागच्या साली त्यायनं टीव्हीची केबल खाल्ली."

"पण मामाजी, राउटर हवेतून सिग्नल सोडतो. लोखंडाच्या डब्यातून तो नीट बाहेर येत नाही."

"मंग कपाटाच्या अंदर चालते?"

"अंदर चालतं."

त्यांनी क्षणभर कपाटाच्या रुंदीचा अंदाज घेतला. मला भीती वाटली, पण त्यांनी तो विचार सोडून दिला. सासूबाईंनी मात्र वरचं लुगडं हाताने चाचपलं आणि म्हणाल्या, "तरीच मी म्हणतो, माहे लुगडे कोमट काहून लागून राहिले."

राउटर आम्ही भिंतीवर उंच खिळ्याला टांगला. संध्याकाळी विहारातली वंदना आटोपून मामाजी घरी आले आणि शिकायच्या तयारीने माझ्यासमोर बसले.

"वायफाय अन् इंटरनेट एकच नं?"

"नाही. सगळ्या जगातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत, तो सगळा पसारा म्हणजे इंटरनेट. ते तारेनं आपल्या घरापर्यंत आलं. राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंतचा शेवटचा टप्पा बिनतारी आहे, तेवढंच वायफाय."

"अन् ह्या घरात चार मोबाइल. कोणतं कोणाचं, हे त्या डब्बीले कसं समजते?"

प्रश्न चांगला होता. मी उत्साहाने सांगितलं, "राउटर प्रत्येक मोबाइलला एक नंबर देतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. ज्यानं जे मागवलं ते त्याच्याच नंबरावर पोचतं."

"म्हणजे घर नंबर."

"तसंच समजा. पण तो अधूनमधून बदलतो."

"कोण बदलते?"

"राउटरच बदलतो."

"ग्रामपंचायतीले न इचारता?"

बायको स्वयंपाकघरात हसत होती. मी आयपी अ‍ॅड्रेस तिथेच सोडला आणि पासवर्डकडे वळलो. पासवर्ड त्यांना लगेच पटला. किल्लीसारखी वस्तू असल्यामुळे तो त्यांनी स्वतःच टाकायचं ठरवलं आणि तोवर मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आठ तरी अक्षरं लागतील एवढंच मी पाठमोरा सांगितलं. ते कुरकुरले, "आठ कायले?" पण टाकला.

मग मी त्यांना मोबाइलमध्ये वायफायचं नाव दाखवलं. "हे नाव आसपासच्या कुठल्याही मोबाइलमधे दिसतं."

"शेजारच्या घरात?"

"भिंतीपलीकडे थोडं जातंच."

मामाजींची नजर हळूच मधल्या भिंतीवर गेली. पलीकडे त्यांचे थोरले भाऊ राहतात. दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागून आहेत आणि मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, कोणी कोणाकडे सरकवला यावरून आमच्या लग्नाच्याही आधीपासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"नाव बदलवता येते?" मामाजींनी विचारलं.

"येतं."

त्यांनी जे नाव सांगायला सुरुवात केली त्यात आजोबांची वाटणी, मोजणीवाला आणि वहिनीचा स्वभाव एवढं सगळं होतं. नावाला मर्यादा असते हे मी समजावलं. काटछाट करत शेवटी उरलं ते असं: 'धुरा मागे घे'. ते बसलं.

सकाळी मी उठलो तेव्हा मामाजी चष्मा लावून मोबाइलकडे बघत होते. यादीत आमच्या वायफायखाली नवीन नाव आलं होतं, 'आधी तू घे'.

"त्यानंबी राउटर घेतला?" त्यांनी विचारलं.

"नाही. हा हॉटस्पॉट आहे. मोबाइलच आपल्यापुरतं छोटं वायफाय तयार करतो. त्याचंही नाव बदलता येतं."

"मंग आपलं नाव पुन्हा बदला."

दुपारच्या जेवणापर्यंत मी दोनदा नाव बदललं. 'मोजणी आण' याला पलीकडून 'तूच आण' असं उत्तर आलं. माझं शिक्षण या कामासाठी झालं नव्हतं, पण सासुरवाडीत नाही म्हणणं जमत नाही. सासूबाईंना मी म्हटलं, हे थांबवायला पाहिजे. त्या भाजी निवडत म्हणाल्या, "कायले थांबवता? इतक्या दिवसानं बोलून तं राहिले."

तिसऱ्या प्रहरी थोरले मामाजी स्वतःच आले. ओसरीच्या पायरीवर उभे राहिले आणि मोबाइल पुढे केला. त्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचा व्हिडिओ न अडकता चालला होता. वर आमच्या वायफायचं चिन्ह होतं.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "पासवर्ड कोणं देल्ला?"

"मला ठाऊकच नाही. मी भिंतीकडे तोंड करून होतो."

"कोणंच नाही देल्ला," थोरले म्हणाले. "त्या बांधीचा गट नंबर टाकला. चार आकड्यायनं बटन लागत नव्हतं, मंग तोच दोनदा टाकला. तुह्या डोक्यात दुसरं असते काय?"

मामाजींचे कान लाल झाले. मग त्यांनी पायाने चटई सरकवली आणि म्हणाले, "बसून पाह्य. उभ्यानं कायले पाहून राहिला?"

ते बसले. सासूबाईंनी न विचारताच चहा टाकला. दोघं शेजारी बसून ट्रॅक्टर बघत होते, आणि तो संपल्यावर थोरल्यांनी शेत मोजायच्या एका अ‍ॅपचा विषय काढला. उपग्रहाच्या चित्रावर बोट फिरवलं की क्षेत्रफळ कळतं म्हणे. मामाजी म्हणाले, लाव. मी लावून दिलं. गोल चक्र फिरत राहिलं आणि शेवटी अक्षरं उमटली, 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही'.

"हा सर्व्हर कोण?" थोरल्यांनी विचारलं.

"दूर कुठेतरी ठेवलेला मोठा कॉम्प्युटर. माहिती त्याच्याकडे असते, आपण मागितली की तो देतो. आता तो उत्तर देत नाहीये."

"आपलं नेट बंद आहे काय?"

"नाही, नेट चालू आहे. तोच बंद आहे."

"म्हणजे आपली चूक नाही," मामाजी म्हणाले.

"आपली कायची चूक?" थोरले म्हणाले. "तोच काम नाही करून राहिला."

मग दोघांनी मिळून त्या सर्व्हरला असं काही धारेवर धरलं की मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. थोड्या वेळाने ते कंटाळले, कोपऱ्यातली सुंभाची दोरी काढली आणि शेताकडे निघाले. एक टोक धरायला मला सोबत घेतलं. धान निघून गेलेल्या बांधीतल्या खुंटांवरून आम्ही इकडून तिकडे फिरलो. हद्दीच्या दोन जुन्या दगडांमध्ये दोरी ताणली तेव्हा धुरा सरकलेला निघाला, पण एका टोकाला वीतभर इकडे आणि दुसऱ्या टोकाला वीतभर तिकडे. दोघांनीही आपलंच बरोबर होतं असं सांगितलं. दोघांनीही ते एकमेकांना नाही, मला सांगितलं.

घरी परतताना थोरल्यांनी आम्हाला आपल्या दारातून वळवलं. तिकडच्या मोठ्या सासूबाईंनी चहाबरोबर मुरमुऱ्याचे लाडू दिले. मामाजी त्या घरातल्या खाटेवर टेकले, मोबाइल वर धरून चारी बाजूंना फिरवला आणि मला म्हणाले, "जवाईबापू, इथं दोनच दांड्या येऊन राहिल्या. राउटर मधल्या भिंतीच्या थोडा जवळ सरकवता येईन काय?"