दिनूकाकांची दहा नावं

शाळेत तिसऱ्या तासाला मी फळ्यावर त्रिकोण काढत होते आणि काकूंचा फोन आला. "मंजू, काका गेले तुझे," त्या म्हणाल्या. आणि लगेच पुढे, "अन् यादी अर्धीच राहून गेली..." दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बाई धक्क्याने काहीतरी बोलते आहे. मला नाही वाटलं. यादीच्या दिवसांत त्या घरात पाहुणासुद्धा येत नसे.

दिनूकाका माझे सख्खे काका नव्हेत. नेपियर टाउनात आमच्या शेजारी राहायचे, इतकंच. संरक्षण खात्याच्या कारखान्यात लेथवर उभं राहून निवृत्त झाले. बास्केटबॉल ते स्वतः फारसे कधी खेळले नाहीत, कोच नव्हते, कुठल्या समितीवर नव्हते. पण जबलपूरच्या कॉलेजांची स्पर्धा जवळ आली की महिनाभर रोज संध्याकाळी स्कूटरवर घडीचं स्टूल घालून एकेका कोर्टवर जायचे आणि रिंगच्या मागे बसून सराव बघायचे. मग यंदा कुणाकडे लक्ष ठेवावं अशी दहा नावं, प्रत्येकापुढे एक ओळ, निळ्या स्केचपेनने कार्डशीटवर लिहायचे आणि काकूंनी शिजवलेल्या खळीने स्पर्धेच्या मैदानाच्या भिंतीला चिकटवायचे. भोपाळ-इंदूरवाले आमच्या स्पर्धेकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणूनच आपण नीट बघायचं, असं त्यांचं म्हणणं. मुलं-मुली एकाच यादीत. मुलींची वेगळी लावा म्हणणाऱ्याला ते विचारायचे, "त्यांची रिंग काय खाली आहे?"

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या संघात सर्वांत जास्त बास्केट माझ्या होत्या आणि यादीत मी नव्हते. तडक त्यांच्या घरी गेले. ते पोहे खात होते. "काका, काहून नाही माझं नाव?" त्यांनी बशी खाली ठेवली. "बॉल हातात असला का तू खेळते. नसला का उभी राहून पाहून राहते. पाहायला मी आहे ना!" मला रडू आलं, तर काकू म्हणाल्या, "पोहे खाऊन जा, मग रड." महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. वर्षभर मात्र बॉल नसताना धावले. पुढच्या यादीत सातव्या नंबरवर माझं नाव होतं आणि पुढे ओळ, "आता बॉलशिवायही दिसते." मला पुढे बऱ्याच जणांनी प्रमाणपत्रं दिली. पाठ आहे ती ही एकच ओळ.

एका वर्षी कुण्या मोठ्या माणसाचा मुलगा यादीत घाला म्हणून निरोप आला. काकांनी निरोप्यालाच चहा पाजला आणि सांगितलं, "भैया, लड़का अच्छा होगा. पर मैंने उसको देखा नहीं. वो प्रैक्टिस में आता ही नहीं." त्या वर्षी यादी तीनदा फाडली गेली. काकांनी ती तीनदा पुन्हा लिहिली, आणि तिसऱ्यांदा अक्षर जास्तच मोठं काढलं.

शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, दिनकररावांना खेळाची फार आवड होती. आवड? आवड मला चहाची आहे. मला तिथेच उठून ओरडावंसं वाटलं. ज्या पोरांचं नाव रेशनकार्डाखेरीज कुठे लिहिलं गेलं नव्हतं, त्यांचं नाव हा माणूस खरं बघून, खरं तेच लिहून, भर रस्त्यावर लावत होता. आणि सभा संपता संपता समितीचे एक साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मैडम, चाचाजी तो रहे नहीं. अब वो लिस्ट भी रहने दीजिए. इस बार कॉलेजवाले खुद नाम भेज रहे हैं, फ्लेक्स लगेगा."

काका यादी आधी कच्ची लिहायचे ती वही काकूंनी मला दिली. सहा नावं झाली होती, चार जागा रिकाम्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काकांचं स्टूल माझ्या स्कूटरवर घातलं. पहिली संध्याकाळ फुकट गेली. सवयीने मी बॉलच्याच मागे डोळे फिरवत बसले. रिंगमागून बॉल कमी आणि पाय जास्त दिसतात, म्हणून काका तिथे बसायचे, हे मला इतक्या वर्षांनी स्टुलावर बसल्यावर कळलं... मग एकेक दिसू लागले. शेवटची दिसली ती एक बुटकी मुलगी, राखीव खेळाडू, जिचं नाव तिच्या कॉलेजने फ्लेक्ससाठी पाठवलंच नव्हतं. सगळा संघ पुढे पळाला की ही एकटी मागे वळायची, कुणी सांगितलेलं नसताना. तिच्यापुढे मी लिहिलं, "दुसऱ्याची चूक हिला आधी कळते." मग पानावरची दहाही नावं पुन्हा वाचली. काकांची सहा आणि माझी चार, एकही बदलावंसं वाटलं नाही.

परवा सकाळी फ्लेक्सच्या शेजारी यादी लावली. गेटवरच्या माणसाने विचारलं, "किसकी परमिशन से?" मी म्हटलं, "जिसकी हमेशा थी." संध्याकाळी ती बुटकी मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन भिंतीसमोर उभी होती. ती ओळ तिने बोट लावून वाचली, मग पुन्हा वाचली.

काल यादी फाडलेली सापडली. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मग? दुसरी लिही ना. खळ गॅसवर चढवून राहिली मी."

स्टूल स्कूटरवरून मी अजून उतरवलेलं नाही. नवी यादी लावायला निघतेच आहे. या वेळी अक्षर मोठं काढलं आहे.