नाथूनं कावड उतरवली

पोलादपूरवरच्या धनगरवाडीतला नाथू तीस वर्षं रोज पहाटे दुधाच्या किटल्यांची कावड घेऊन डोंगर उतरायचा आणि पेंड, मीठ, रॉकेल घेऊन पुन्हा चढायचा. पावसाळ्यातही खाडा नाही. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली आला होता.

मुलगा राजू बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात लागला होता. २००७च्या दिवाळीनंतर तो वाडीवर आला. "बाबा, आम्ही कंपनीतले चौघं चांदोलीचं जंगल बघायला चाललोय. तू पण चल."

"डोंगर बघायला डोंगर सोडून जाऊ? आन् दूध कोन नेल?"

"भिकूकाका नेतील. बोललोय मी."

बायको मंजुळानं न विचारताच धोतर धुऊन वाळत घातलं. नाथूचा नाइलाज झाला.

कशेडी घाट, चिपळूण, पुढे घाट चढून वरचा देश. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरले तेव्हा आभाळ गच्च होतं, वारा गार. वाटाड्या सयाजी नाथूच्याच वयाचा. त्यानं नाथूची पिशवी काढून घेतली. मोकळ्या खांद्यानं चढताना हात कुठे ठेवावेत, नाथूला कळेना.

"तुमचं गाव कुठलं?" नाथूनं विचारलं.

"हितंच व्हतं, आत जंगलात. उद्यान झालं आन् गाव उठवलं. आता खाली वसाहतीत ऱ्हातो."

"जनावरं?"

"इकली."

"करमतं?"

सयाजी थोडं चालला. "पयलं वरीस न्हाई करमलं. मग गुडघं दुखायचं थांबलं."

कड्यावर पोचले तर समोर नुसता ढग. दरी दिसेना. पोरं कॅमेरे काढून ढग हटायची वाट बघत बसली. नाथू एका खडकाला टेकला आणि बसल्या बसल्या झोपला. तास झाला, दोन झाले. राजू उठवायला आला. बापाला दिवसाउजेडी झोपलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. उठवायच्याऐवजी त्यानं आपला स्वेटर त्याच्या अंगावर टाकला.

"काय बघलात तिथं?" घरी आल्यावर मंजुळानं विचारलं.

"ढग. आन् झोपलो."

ती हसली. मग तो हसत नाही हे बघून तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या पहाटे दूध काढून झालं, किटल्या भरल्या. नाथू कावडीजवळ गेला आणि तिथंच खाली बसला.

"भिकूला हाक मार. आजपन त्यालाच जाऊ दे."

"बरं नाय का?"

"बरा हाय. दमलोय गो."

तीस वर्षांत हा शब्द त्या घरात कुणी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मंजुळा भिकूच्या घराकडे निघाली. त्या दिवसापासून दूध भिकूच नेऊ लागला.