शालिकचे पिंजरे कोण उचलणार?

दशरथभाऊंनी दोरीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"उचला ना," मी म्हणाले.

"नाई, मॅडम. शालिकचा पिंजरा हाय."

"शालिक तर गेला."

"गेला. पिंजरा त त्याचाच हाय."

भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीच्या पुढच्या एका तलावात, अगदी मधोमध, आम्ही डोंग्यात बसलो होतो. डोंगा म्हणजे आमच्याकडची अरुंद होडी. बसणाऱ्याने शिंकलं तरी डुलते. मी मत्स्यव्यवसाय विभागात अधिकारी आहे आणि मला पोहता येत नाही. ही गोष्ट ऑफिसात कोणाला माहीत नाही, तलावावर मात्र सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे डोंग्यात बसून आवाज चढवायची माझी हिंमत होत नाही. दशरथभाऊ गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी डोंगा वळवला.

आता प्रकरण काय होतं ते सांगते. तलाव सरकारचा, मासेमारीचा ठेका सोसायटीचा आणि प्रत्येक सभासदाला आमच्या ऑफिसचा परवाना. हे लोक पिढीजात ढीवर, म्हणजे मासे धरणारे. मासळीसाठी जाळं आणि झिंगे, म्हणजे कोळंबी, आणि खेकड्यांसाठी पिंजरा. पिंजऱ्यात आमिष ठेवायचं, तळाशी सोडायचा, दोरीच्या वरच्या टोकाला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधायचा. डबा तरंगतो, त्यावरून जागा कळते.

त्या वर्षी परवान्याचे नियम बदलले. हंगाम संपला, की पावसाआधी प्रत्येकाने आपले पिंजरे पाण्याबाहेर काढायचे. ज्याचे पिंजरे आत राहतील त्याच्या परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. नियमात खोट नव्हती. नियम लिहिणाऱ्याने फक्त असं धरलं होतं, की मालक जिवंत आहे आणि गावातच आहे.

शालिक हिवाळ्यात काविळीने गेला. त्याचा परवाना बायकोच्या, सुगंधाबाईच्या नावावर होऊ शकत होता. अट एकच, त्याचे पिंजरे बाहेर आले पाहिजेत. परवाना नसेल तर सोसायटीच्या मासळीत तिचा वाटा नाही. मग दुसऱ्याची मासळी टोपल्यात घेऊन लाखनीच्या बाजारात बसायचं, तेही कोणी दिली तर.

पिंजरे वेळेत का काढायचे, तेही सांगायला हवं. मालक गेला तरी पिंजरा काम थांबवत नाही. आमिष संपतं, पण आत अडकलेला खेकडा मरतो आणि तोच पुढच्याचं आमिष होतो. तो खायला दुसरा शिरतो, त्याच्यामागे तिसरा. आमच्या भाषेत याला घोस्ट फिशिंग म्हणतात. पूर्वी पिंजरे बांबूचे असत. सोडून दिलेला बांबू पाण्यात कुजे आणि पिंजरा आपोआप उघडे. आता सगळीकडे नायलॉनचे घडीचे पिंजरे आले आहेत. तारेची चौकट, वर हिरवी जाळी. ते कुजत नाहीत.

आणि गावची रीत बांबूच्या काळातली. पाण्यातल्या दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही. तलावावर कुलूप नाही, पहारा नाही, तरी कोणाचा पिंजरा कधी चोरीला गेला नाही, ते याच रीतीच्या जोरावर. शेजारी समोर उपाशी असला तरी तुमच्या दोरीला शिवत नाही. मी नोकरीत बरीच गावं पाहिली, पण इतका कडक बिनलिखित कायदा कुठे पाहिला नाही. त्या दिवशी मात्र मला त्याचा रागच आला.

साहेबांना भंडाऱ्याला फोन केला. साहेबांनी नेहमीप्रमाणे उपाय तयारच ठेवला होता. बाहेरून माणसं आणा, एका दिवसात तलाव साफ करून टाका. मी ते दशरथभाऊंच्या कानावर घातलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बाहेरची माणसं आली तर गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहील आणि एकही डोंगा मिळणार नाही. आमच्या ऑफिसकडे स्वतःचा डोंगा नाही. आहे ती एक जीप, आणि ती पाण्यावर चालत नाही.

मग मी सुगंधाबाईकडे गेले. ती अंगणात झिंगे वाळवत होती, बाजूला सासू. मी नोंदीसाठी नवऱ्याचं नाव विचारलं. तिने खाली पाहिलं आणि सासूने सांगितलं, "शालिक." जुन्या वळणाच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तो गेल्यावरही नाही. मी तिला परवान्याची अट समजावली. ती हातातले झिंगे पसरत राहिली.

"त्याइनं ठेवलेले हायेत, मॅडम," ती म्हणाली. "ते डबे पाण्यावर दिसतात, त वाटते आता घरी येतील."

मी पाणी मागितलं आणि ते पीत बसले. मग तीच बोलली.

"मी दोरीले हात लावला, त बाकीचे उचलतील का?"

तिच्या गावात बायका काठाच्या पाण्यात झिंगे धरतात. खोल पाणी आणि डोंगा पुरुषांचा. मी दशरथभाऊंना जाऊन विचारलं. ते तलावाकडे पाहून म्हणाले, "ती घरची हाय. तिचा हात लागला, त उचलू."

ठरलेल्या सकाळी मी पाळीवर पोचले तेव्हा मला वाटलं होतं, दोन-चार माणसं असतील. अख्खं गाव होतं. डोंगे काठाला ओळीने लागले होते. सुगंधाबाई माझ्याच डोंग्यात बसली. ती ताठ बसली होती, मी दोन्ही हातांनी कड धरून.

पहिल्या डब्यापाशी डोंगा थांबला. तिने वाकून दोरी मुठीत धरली. जरा वेळ तशीच धरून ठेवली.

"आमच्या घरचा हाय," ती म्हणाली. "उचला."

बाजूच्या डोंग्यातून दशरथभाऊंनी ओढला. पिंजरा वर आला तेव्हा आधी तो ओळखूच येईना. गाळ, शेवाळ आणि आत खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा थर. माणूस हिवाळ्यात गेला होता आणि त्याचा पिंजरा तेव्हापासून एकटाच मासेमारी करत होता. मी घोस्ट फिशिंगवर भाषणं दिली आहेत, फोटो दाखवले आहेत. पण डोळ्यांनी ते पहिल्यांदा पाहत होते.

एका पिंजऱ्यात खेकड्याची मादी जिवंत होती. सुगंधाबाईने ती सराईतपणे पाठीकडून धरली आणि उलटी केली. पोटाच्या झडपेखाली पिल्लं होती. तांदळाच्या कणीएवढी, पण प्रत्येकाला नांग्या, पाय, सगळं पूर्ण. गोड्या पाण्यातला खेकडा पिल्लांना असाच पोटाशी घेऊन फिरतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या जाळीतून ती पिल्लं केव्हाही बाहेर पडू शकली असती. आईला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तीही थांबली होती. मी बघतच राहिले. त्या क्षणी मला पाण्याची भीतीही वाटत नव्हती.

बाजारात अशा मादीला चांगला भाव येतो. सुगंधाबाईने ती पाण्यात सोडली आणि पुढच्या डब्याकडे बोट दाखवलं.

शालिकचे पिंजरे संपले तरी डोंगे परत फिरेनात. पाळीवरून एक म्हातारी हाक मारू लागली. तिचा मुलगा कामाला नागपूरला गेला होता, त्याचे पिंजरे तळाशीच होते. एक डोंगा तिला घ्यायला गेला. मग कोणाची सून आली, कोणाचा भाऊ. प्रत्येक दोरीला घरचं कोणीतरी हात लावी, आणि मगच शेजारी ओढत. ऊन चढेपर्यंत पाळीवर हिरव्या जाळ्यांचा ढीग लागला. ज्या रीतीवर मी चिडले होते, तिच्याच जोरावर तलाव साफ झाला, आणि मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

ऑफिसात येऊन मी नियमात दोन दुरुस्त्या सुचवल्या. मालक नसेल तर घरच्या कोणीही दोरीला हात लावून पिंजरा मोकळा करावा. आणि नायलॉनच्या पिंजऱ्याची एक बाजू तागाच्या सुतळीने शिवावी, म्हणजे विसरलेला पिंजरा बांबूसारखाच कुजून उघडेल. साहेबांनी विचारलं, हे 'हात लावणं' कोणत्या कायद्यात आहे? मी म्हणाले, तलावाच्या. साहेबांनी सही केली. नियम कागदावर कसाही लिहा, तो पाळणाऱ्याच्या हातातून जावा लागतो, एवढं तरी त्या वर्षी मला कळलं.

सुगंधाबाईला परवाना मिळाला. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक पिंजऱ्याला नंबरचा बिल्ला लागतो. नंबर सोसायटी देते, वहीत सभासदाच्या नावापुढे असतो तोच. दशरथभाऊ नवा देत होते, तर तिने शालिकचाच मागितला.

"तोच काहून पाहिजे?" मी विचारलं.

"नाव घेता येत नाई, मॅडम," ती म्हणाली. "नंबर त घेता येते."

पुढच्या हंगामात मी तपासणीला गेले तेव्हा पाळीवर मासळीचं वजन चाललं होतं. प्रत्येकाने आपला नंबर सांगायचा आणि टोपली काट्यावर ठेवायची. सुगंधाबाईची पाळी आली. तिने टोपली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सत्तावीस."