मॉनिटरच्या कडेची चिठ्ठी

दातार सर गेल्याचं त्यांच्या बायकोने, काकूंनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी डोंबिवलीत घरी गवार निवडत बसलेले. "झोपेतच गेले गं," एवढंच बोलल्या. मी गवार निवडतच राहिले... आणि मेलं मनात पहिलं आलं ते हेच, की आता सांगायचं राहिलं.

कोलशेतच्या ऑफिसात आम्ही पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर करायचो. सर माझे सीनियर, एक नंबरचे खडूस. डीबगिंग, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधणं, त्यांनीच शिकवलं. रिपोर्ट छापणारं फंक्शन चुकलं की म्हणायचे, त्याला काय झोडपतेस, त्याला कॉल कुणी केलं ते बघ. मग चालता प्रोग्राम थांबवून आम्ही एक पायरी वर, कॉल करणाऱ्या, म्हणजे त्याला कामाला लावणाऱ्या फंक्शनमध्ये जायचो, तिथले व्हेरिएबल तपासायचो, एखाद्याची किंमत हाताने बदलून पुढे काय होतं ते पाहायचो. पण बदललं की लगेच चिठ्ठी लिहून मॉनिटरच्या कडेला लावायची, कारण ती किंमत तेवढ्या रनपुरतीच. कोड होता तसाच राहतो. दुरुस्ती झाल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही, आणि ज्याने बदललं त्यानेच काढायची.

त्या दिवशी पेशंटचं वय शून्य येत होतं, म्हणून मोठ्या माणसाला तान्ह्या बाळाच्या 'नॉर्मल'च्या मर्यादा लागत होत्या. मी वरच्या फंक्शनमध्ये शून्याचे बासष्ट केले, रिपोर्ट बरोबर आला. तेवढ्यात लॅबवाल्यांचा फोन, त्यांची घाई... चिठ्ठी राहिली, आणि 'झालं' म्हणून सांगून मोकळी झाले. सरांनी माझ्या शब्दावर सही केली. आठवड्याभरात शहाडच्या एका आजींचा बिघडलेला रिपोर्ट, पुन्हा बाळाच्याच मर्यादा लागून, 'नॉर्मल' छापून गेला. उपचार उशिरा सुरू झाले. आजी वाचल्या नाहीत.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "तपासणी माझी होती." माझ्याच मशीनवर बसून, डीबगिंगच्या जुन्या नोंदी चाळून त्यांनी कोड दुरुस्त केला आणि राजीनामा दिला. मी समोर मूग गिळून बसलेले. पुढे सात वर्षं दर दिवाळीला नौपाड्यात त्यांच्याकडे फराळाला जायचे, आज सांगायचंच असं ठरवून, आणि चकली खाऊन परत यायचे. लिहितानाही लाज वाटतेय.

तेराव्यानंतर गेले, तर काकूंनी पहिल्यांदाच आतल्या खोलीत नेलं. टेबलावर सरांचा मॉनिटर, कडेला एकच पिवळी चिठ्ठी. सरांचं अक्षर. 'वय ० होतं, हाताने ६२ केलं.' खाली माझं नाव.

"पुसताना काढायला गेले की म्हणायचे, राहू दे, जिची आहे ती काढेल," काकू म्हणाल्या.

मी तिथेच त्यांना सगळं सांगितलं. काकू चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. मी दार ओढून घेऊन निघाले. चिठ्ठी अजून तिथेच आहे.