थोरल्याच्या आधी कॅल्क्युलस

कडावच्या कोंडाजी आबांच्या घरात प्रत्येक गोष्टीला वयाची रांग होती. आधी पान कुणाला वाढायचं, नवी चप्पल आधी कुणाला घ्यायची, सगळं ठरलेलं. थोरल्या भावाचं लग्न जमेपर्यंत आबा स्वतः, आजीशी लग्न ठरलेलं असूनही, सहा वर्षं थांबले होते आणि हा त्याग ते आजीच्या देखत सांगत.

नात अक्षदा कर्जतच्या कॉलेजात गणिताला गेली आणि पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस घेते म्हणाली, तेव्हा आबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"स्वप्नीलचं सुटलं का ते?"

स्वप्नील तिचा थोरला चुलतभाऊ. त्याच कॉलेजात, त्याच विषयात दोनदा नापास.

"नाय अजून."

"मग तू कशी पुढं जातेस गं? त्यानं गावात तोंड कुठं दाखवायचं? ते आकडेवारीचं घे आधी. त्यात आपलं कोणी अडकलेलं नाय."

"आबा, कॅल्क्युलस झाल्याशिवाय पुढचे विषय देत नाहीत. माझं वर्ष जाईल."

"जाऊ दे. माझी सहा गेली."

"आन् माझी कुणी मोजली?" आजी चुलीपासून म्हणाली. आबांना ऐकू आलं नाही.

विषय नोंदवायला उद्याचाच दिवस उरला होता. अक्षदा ओट्यावर मोबाईल बघत बसलेल्या स्वप्नीलकडे गेली.

"दादा, खरं सांग, तू पास होशील?"

"या जन्मात?"

"मग सोड तरी."

"सोडायचंच हाय गं. कळंबच्या रिसॉर्टवर रिसेप्शनला बोलावलंय मला. आबांना सांगायला जीभ उचलत नव्हती. आता तुझं नाव पुढं करतो."

रात्री जेवताना स्वप्नीलने पडेल चेहऱ्याने जाहीर केलं, की बहिणीची वाट अडू नये म्हणून तो गणित सोडतोय. आबांचे डोळे भरून आले.

"याला म्हणायचं थोरला," ते म्हणाले आणि स्वतःच्या पानातली पापलेटाची तुकडी त्याला वाढली.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः अक्षदाबरोबर कॉलेजात गेले. आमच्या घरची रांग मोकळी झालीय, असं त्यांनी कारकुनाला समजावून सांगितलं. कारकुनाने मान हलवून विषय नोंदवला.

अक्षदा कॅल्क्युलसमध्ये चांगल्या गुणांनी पास झाली. आबा पेढे वाटत फिरले. आधी काय घ्यायचं ते आपणच ठरवून दिलं, असं सांगत.

पुढच्या सत्रात तिने लिनिअर अल्जिब्रा घेते म्हणून सांगितलं.

"घे की," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्यात आपला कोणी थोरला नाय ना?"